ब्रेक्झिटला मत देणाऱ्या मच्छीमारांना त्यांचा दर्या परत मिळाला का?

हर्णैकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबच्या देशाचा आहे, पण सध्या आमच्या किनाऱ्यावर रोज निघतोय, म्हणून इथे विचारते.

मी हर्णैची. आई संध्याकाळच्या लिलावात उभी राहते, माल घेते. त्यापुढचं सगळं माझ्याकडे: बर्फ, टेम्पो, कंपनीचा हिशेब आणि कागद. म्हाकूल आणि कोळंबीतला चांगला माल कंपनीमार्फत बाहेर जातो, त्यातला बराचसा युरोपला. उरलेला मुंबईला, नाहीतर दापोली-खेडच्या बाजारात. युरोपच्या मालाला पकड दाखला लागतो. बोट कोणती, कधी निघाली, कधी आली, कुठे पकडलं, जाळं कसलं, सगळं लिहून द्यावं लागतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, दर्यातून आला की त्याला आधी जरा अंग टाकायचं असतं आणि मी वही घेऊन तारखा विचारत उभी! खलाशी माझ्यावर वैतागतात, पण तारीख चुकली तर माल अडतो. आणि तिकडे एखादा कंटेनर अडला की इकडे वाळूवर म्हाकुलाचा भाव बसतो. का बसला ते कोणी सांगत नाही, दलाल नुसता खालचा आकडा बोलतो. आई तो आकडा ऐकते आणि टोपली उचलते.

परवा सोसायटीच्या बैठकीत नेहमीचा विषय निघाला. बाहेरच्या मोठ्या बोटी रात्रीच्या आत येतात, पर्ससीनवाले थवेच्या थवे उचलून नेतात, मासळी ओढायच्या एलईडी दिव्यांवर बंदी असून ते लागतातच, लहान बोटवाल्याला डिझेलचे पैसे सुटत नाहीत. तेव्हा आमचे एक जुने तांडेल उठले. त्यांचा शब्द गावात सगळे मानतात. ते म्हणाले, "इंग्लंडच्या कोळ्यांनी काय केलं बघा. मत दिलं, युरोपातून बाहेर पडले आणि आपला दर्या आपल्या ताब्यात घेतला. आपल्यालाही असं मत द्यायला मिळायला हवं. बाहेरचा कोणी नको, कोणाचा करार नको." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण त्यांच्या बोलण्यातली कळ मला ठाऊक आहे.

पण घरी येऊन वही उघडली आणि डोक्यात घोळायला लागलं की आमचा माल जसा युरोपला जातो तसा इंग्लंडचाही युरोपलाच जात असणार. गिऱ्हाइकाशी फारकत घेतल्यावर त्यांच्या मालाचं काय झालं?

वाचून एवढं कळलं. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायला मत दिलं, ४८.१ टक्के लोकांनी राहायला. ग्रिम्सबी या जुन्या मासळी बंदराच्या भागात तर जवळजवळ ७० टक्के मतं 'बाहेर'ला पडली. त्याआधी ॲबर्डीन विद्यापीठाने मच्छीमारांना विचारलं होतं, त्यात ९२ टक्के लोक 'बाहेर' म्हणाले होते. म्हणजे आमच्या तांडेलांचं म्हणणं काही हवेतलं नाही. त्या लोकांनी खरंच दर्यासाठी मत दिलं.

मला विचारायचंय ते हे. मत देताना त्यांना नेमकं काय हवं होतं आणि त्यातलं हाती काय लागलं? तेव्हा कोणाच्या मनात शंका होत्या का, आणि त्या बोलून दाखवता येत होत्या का? माझी एक मैत्रीण सांगते की तिकडे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही त्या वेळी मत होतं. हे खरं का? पुढच्या बैठकीत मला बोलायचंय, आणि तांडेलांचा मान राखून बोलायचंय. कृपया इथले पक्ष मध्ये आणू नका.

दांडीचो रापणकार

ताईनु, तुमच्या तांडेलांचा म्हणणा माका पटता. आमच्या मालवणात कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर रात्रीचे येतत, आमची जाळी फाडून जातत, आणि सकाळी रापण ओढली तर टोपलीभर बांगडो गावणा नाय. आपल्या दारातलो दर्या, आणि त्येच्यातला म्हावरा दुसरो कोण घेवन जाता, ह्या दुखणा इंग्लंडातल्या माणसाचा काय नि आमचा काय, एकच. माझ्या म्होरे तसली मतपेटी इली तर मी पण 'भायर'वरच शिक्को मारीन. बाजाराचा काय ता मागसून बघू. तुमी बैठकीत बोला, पण ह्या दुखणा खोटा आसा असा म्हणा नको.

गुहागरची, सध्या स्लाव

हर्णैकरीण ताई, तुमची मैत्रीण म्हणते ते अगदी खरं. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं. मी तेव्हा भारतीय पासपोर्टवरच होते, नर्स म्हणून कामाला. माझ्या वॉर्डातल्या पोलिश, स्पॅनिश, पोर्तुगीज मुलींना मात्र मत नव्हतं, आणि प्रश्न तर त्यांच्याच मुक्कामाचा होता. ड्युटीवर त्यांच्या शेजारी उभं राहताना हे मला फार टोचायचं.

त्या दिवशी लंडनच्या बाजूला धो धो पाऊस होता. आपल्याकडे मतदान म्हणजे बोटाला शाई, बाहेर पोलीस, पक्षांची टेबलं. इथे एका शाळेच्या हॉलमध्ये फळीचा आडोसा आणि त्यात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. ओळखपत्रही तेव्हा विचारत नसत. कागदावर दोनच ओळी: संघात राहावं, संघातून बाहेर पडावं. आवडेल त्यापुढे फुली मारायची.

मी 'बाहेर'पुढे फुली मारली. का, ते सांगते. माझा भाऊ इथे कायमचा झालेला, गोदामात कामाला. त्याचं लग्न चिपळूणच्या मुलीशी ठरलं. तिला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड मिळकत दाखवावी लागायची, २०१२ पासूनचा नियम. त्याचा पगार त्याच्या जरा खाली. वहिनी लग्न होऊन चिपळुणातच राहिली, आणि त्याच्याबरोबर पेट्या उचलणाऱ्या पोलिश माणसाची बायको मात्र एक बॅग घेऊन बसने आली आणि सोमवारी कामाला लागली. त्या बाईवर माझा राग नव्हता. पण आमच्या घरात जेवताना हाच विषय असायचा. त्यात प्रीती पटेल, त्या वेळच्या मंत्री, सांगत होत्या की बाहेर पडलो की भारतीय उपखंडातून आचारी आणता येतील, करी हाऊस वाचतील. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की युरोपवाल्यांची मोकळी वाट बंद झाली की आपल्या माणसांसाठी दार थोडं जास्त उघडेल. लंडनजवळच्या आमच्या स्लावमध्ये 'बाहेर'ला ५४ टक्के मतं पडली आणि इथे आपली माणसं किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

शंका होत्या का? होत्या. प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेलं की आपण युरोपला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आरोग्यसेवेला देऊया. आकडेवारी तपासणाऱ्या सरकारी संस्थेनेच तो आकडा दिशाभूल करणारा म्हटला होता, कारण परत मिळणारे पैसे त्यात धरलेलेच नव्हते. वॉर्डात बसून मला दिसत होतं की युरोपच्या मुली गेल्या तर रात्रपाळी कोण करणार. आणि तसंच झालं. युरोपातून नव्याने नोंदणी करणाऱ्या नर्स २०१५-१६ मध्ये नऊ हजारांवर होत्या, २०१७-१८ मध्ये हजाराच्या आत आल्या. मग केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मुली आल्या. त्या अर्थी आपल्या लोकांना वाट मिळाली. १ जानेवारी २०२१ पासून युरोपवाले आणि आपण एकाच रांगेत आलो, हेही खरं.

पण बायकोला आणायची मिळकतीची अट? ती एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० वरून २९,००० झाली. मार्च २०२४ पासून वृद्धांची काळजी घेणाऱ्या कामगारांना नवरा, बायको, मुलं आणता येईनाशी झाली. जुलै २०२५ मध्ये त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद केली. लोक एवढे आले की इथल्याच मतदारांना ते नको झाले.

ताई, माझी आशा खोटी नव्हती. पण त्या कागदावर ती लिहिलेलीच नव्हती. तिथे फक्त 'बाहेर' लिहिलं होतं. मच्छीमाराने त्याच्यात दर्या वाचला, मी वहिनीचा व्हिसा वाचला, शेजारच्या म्हाताऱ्याने परके लोक कमी होतील असं वाचलं. आम्हा तिघांची फुली एकाच गठ्ठ्यात मोजली गेली. पुढे त्यातलं कोणाचं खरं करायचं हे आम्हाला कोणी विचारलं नाही. तुमच्या बैठकीत एवढं जरूर सांगा.

शिरगावचा फिश ग्रॅज्युएट

मी रत्नागिरीच्या शिरगाव मत्स्य महाविद्यालयाचा. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये एका मासळी कंपनीत क्वालिटीचं काम केलं, २०२१ चा जानेवारी तिथेच काढला. मासळीच्या बाजूचं मी सांगतो. जरा लांबेल.

आधी दुखणं. ग्रिम्सबी आणि हल ही लांबच्या पाण्यात जाणाऱ्या मोठ्या ट्रॉलरची बंदरं. त्यांचा कॉड यायचा आइसलँडच्या बाजूने. आइसलँडने आपली हद्द वाढवत १९७५ मध्ये २०० मैलांवर नेली, ब्रिटनच्या नौदलाशी खटके उडाले आणि १९७६ मध्ये ब्रिटनला मागे सरावं लागलं. ही बंदरं तिथेच बसली. यात युरोपचा हात नव्हता. पण त्याच काळात, १९७३ ला, ब्रिटन युरोपच्या बाजारसंघात गेलं होतं आणि तिथला नियम होता की सभासदांचं पाणी सगळ्यांना खुलं. म्हणजे लांबचा दर्या आइसलँडने बंद केला आणि घरच्या दर्यात फ्रेंच, डच, स्पॅनिश बोटी. मग कोटा ठरला. १९८३ च्या वाटपात कोणी किती धरायचं ते आधीच्या वर्षांच्या पकडीवरून बांधलं गेलं, आणि इंग्लिश खाडीत कॉडचा मोठा वाटा फ्रान्सकडे गेला. आपल्या खिडकीतून दुसऱ्याची बोट दिसते आणि आपली बोट कोटा संपला म्हणून धक्क्याला बांधलेली, हे ज्याने पाहिलं त्याने २०१६ ला काय केलं असतं? रापणकार भाऊ, तुम्ही म्हणता ते दुखणं हेच.

पण एक गोष्ट प्रचारात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. इंग्लंडच्या कोट्याचा मोठा हिस्सा डच, स्पॅनिश, आइसलँडी मालकांच्या कंपन्यांकडे होता आणि तो त्यांना ब्रिटिश बोटमालकांनीच विकला होता. कोटा मालमत्तेसारखा विकता येतो. ज्याने विकला त्याने पैसे घेतले आणि तो घरी बसला, छोट्या होडीवाल्याला मात्र वर्षभरासाठी मूठभर कोटा. हे घरचं वाटप होतं. ते बदलायला युरोपातून बाहेर पडायची गरज नव्हती, आणि बाहेर पडल्यावरही ते आपोआप बदललं नाही.

आता हाती काय लागलं. करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, आठवड्यावर अंमल आलेला असताना. ब्रिटनच्या पाण्यात युरोपच्या बोटी जेवढं धरत, त्यातला किमतीने २५ टक्के कोटा ब्रिटनला, तोही साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने, जून २०२६ पर्यंत. तोवर युरोपच्या बोटी येतच राहणार. मच्छीमारांना सांगितलं होतं की सगळं आपल्या ताब्यात येईल, त्यानंतर दर वर्षी आपण ठरवू कोणाला आत घ्यायचं. मे २०२५ मध्ये सरकारने युरोपशी नवी बोलणी केली आणि तीच मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली. बदल्यात खाण्याच्या मालाची सीमेवरची तपासणी सोपी करायचं ठरलं. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ३६ कोटी पौंडांचा निधी जाहीर झाला. मच्छीमार संघटना संतापल्या.

सरकारने असं का केलं? ताई, तुमच्या वहीतच उत्तर आहे. ब्रिटिश लोक खातात कॉड, हॅडॉक, सामन, ट्यूना, कोळंबी, आणि त्यातलं बरंच बाहेरून येतं. त्यांच्या बोटी धरतात बांगड्याच्या जातीचे मासे, हेरिंग, खेकडे, शिंपल्या, लँगोस्टीन, आणि त्यातलं बरंच युरोपला विकलं जातं. लँगोस्टीन म्हणजे शेवंडीच्या जातीतली नारिंगी, हातभर नसलेली, जिवंत पाठवायची चीज. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टोपल्या टाकून धरतात, एकेक नळीत उभी ठेवतात म्हणजे नांग्या मोडत नाहीत, आणि ट्रकने स्पेनला, फ्रान्सला. दुसऱ्या दिवशी बाजारात. डिसेंबरपर्यंत एक पावती पुरायची.

जानेवारीत काय झालं ते मी पाहिलं. प्रत्येक मालाला पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र, शिवाय पकड दाखला, शिवाय कस्टमचा कागद. ट्रकमध्ये आठ-दहा लहान मच्छीमारांचा माल एकत्र जायचा. एकाच्या कागदावर माशाचं लॅटिन नाव चुकलं की सगळा ट्रक उभा. संगणकाची यंत्रणा बंद पडायची. लँगोस्टीन कागदाची वाट बघत नाही. धक्क्यावरचा भाव एवढा पडला की काही बोटवाल्यांनी टोपल्या पाण्यातच ठेवल्या. १८ जानेवारीला स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांनी आपले ट्रक लंडनला संसदेच्या दारात नेऊन उभे केले. दुसऱ्या दिवशी सरकारने २.३ कोटी पौंडांपर्यंत भरपाई जाहीर केली. शिंपल्यांचं तर वेगळंच. काही पाण्यातल्या जिवंत शिंपल्या युरोपात पाठवायच्या आधी स्वच्छ करून घ्याव्या लागतात. सभासद असताना ते काम पलीकडे नेऊन करता यायचं. बाहेर पडल्यावर तो मालच बंद झाला. नियम जुनाच, फक्त आता तो परक्याला लागतो तसा लागला.

आणि हलचा शेवटचा मोठा ट्रॉलर, कर्केला. तो नॉर्वेच्या पाण्यात कॉड धरायचा. तो हक्क युरोपच्या करारातून आलेला. ब्रिटन बाहेर पडल्यावर नॉर्वेशी त्यांना स्वतः बोलायचं होतं, २०२१ ला बोलणी फिसकटली आणि त्या वर्षी नॉर्वेचं पाणी गेलं. दर्या मिळवायला निघालेल्या बंदराचा लांबचा दर्या उलट हातातून गेला.

फायदा कोणालाच झाला नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या, खुल्या समुद्रात बांगडा-हेरिंग धरणाऱ्या स्कॉटिश बोटींचा कोटा वाढला. त्यांच्याकडे आधीही पैसे होते.

हर्णैकरीण

दोघांचेही मनापासून आभार. शिरगावकर दादा, "परक्याला लागतो तसा लागला" हे वाचून मी थांबलेच. म्हणजे जो दाखला आम्ही इतकी वर्षं तांडेलामागे धावून भरतोय, तोच त्यांना २०२१ पासून भरावा लागला. आमच्याकडे लोकांना वाटतं की हा कागद गरीब देशाला छळायला काढलाय. तो तर बाहेरच्या प्रत्येकालाच लागतो.

रापणकार भाऊ, दुखणं खोटं आहे असं मी मेले तरी म्हणणार नाही. माझ्या काकांची जाळी दोनदा कापली गेलीत.

आता एक शंका. बाहेर पडल्यामुळे ब्रिटनला आपल्याशी वेगळा करार करता आला ना? त्याचा आपल्या किनाऱ्याला काही उपयोग?

पावसचा बागायतदार

मासळीतलं मला कळत नाही, आंब्याचं सांगतो, कारण या भानगडीत आमचा हापूस एकदा बरोबर मध्ये सापडला होता.

२०१४ च्या १ मेपासून युरोपीय संघाने भारताचा आंबा बंद केला. त्याबरोबर कारली, वांगी, पडवळ आणि अळूची पानं. कारण फळमाशी. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती. १ मे म्हणजे आमचा ऐन हंगाम. पेट्या भरलेल्या, काही विमानतळाच्या वाटेवर. रातोरात तो माल वाशीला वळला आणि भाव कोसळला. ज्याने आयुष्यात युरोपला एक पेटी पाठवली नाही त्या बागायतदाराचंही त्या पंधरवड्यात नुकसान झालं.

आता बघा, हापूस खाणारं गिऱ्हाईक मुख्यतः ब्रिटनमधलं. लेस्टर, वेम्बली, साउथॉल. फ्रान्स-जर्मनीत कोण विचारतो? ब्रिटनमध्ये उघड्यावर फळमाशी जगणं कठीण, तिथे आंब्याच्या बागा नाहीत. भीती जास्त स्पेन-इटलीच्या बागांना. पण निर्णय २८ देशांचा एकच. लेस्टरचे खासदार कीथ वाझ, मूळ गोव्याच्या घराण्यातले, त्यांनी हापूससाठी पुष्कळ आवाज उठवला, पण ब्रिटनचं सरकार एकट्याने दार उघडू शकत नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, यांनी स्वतंत्रच व्हावं. दोन वर्षांनी सार्वमत आलं तेव्हा तिकडच्या काही आपल्या लोकांच्या मनात हापूस होता, हे मला तिथल्या व्यापाऱ्यांनी फोनवर सांगितलं आहे. आणि ज्या वाझसाहेबांनी आंब्यासाठी भांडण केलं ते स्वतः मात्र 'संघात राहा' या बाजूचे होते.

बंदी उठली कशी? २०१५ च्या जानेवारीत युरोपच्या समितीने मत बदललं. इकडे आम्ही पॅकहाउस सुधारली, गरम पाण्याची आणि बाष्पाची प्रक्रिया सुरू केली, अधिकाऱ्याच्या देखत माल भरायला लागलो. म्हणजे ब्रिटन बाहेर पडायच्या पुष्कळ आधी, आमच्याच पॅकहाउसमध्ये काम करून दार उघडलं. ब्रिटन बाहेर पडलं म्हणून काही आमची माशी मेली नाही. कीडमुक्त मालाची अट तिथेही आहेच.

ताईंच्या शंकेबद्दल. हो, वेगळा करार झाला. २०२२ च्या जानेवारीत बोलणी सुरू झाली आणि २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. युरोपात असतं तर ब्रिटनला हे एकट्याने करता आलं नसतं, हे 'बाहेर'वाल्यांचं म्हणणं खरं आहे. त्यात भारताच्या ९९ टक्के प्रकारच्या मालावरचं आयात शुल्क ब्रिटन काढणार असं ठरलं, कोळंबीसकट. आपण त्यांच्या व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणणार. आंब्याला मात्र यात काही नाही, कारण आंब्यावर तिथे शुल्क आधीच शून्य होतं. आमचा खर्च विमानाच्या भाड्यात आणि प्रक्रियेत जातो. तुमच्या कोळंबीला फायदा होईल, पण मला एक भीती आहे. कोळंबीतला मोठा माल आंध्रच्या तलावांतून येतो. शुल्क गेल्याचा पैसा तिकडे जास्त जाईल, हर्णैच्या वाळूवर किती पोचेल हे कंपनीच ठरवेल.

आणि तुमच्या तांडेलांना एक सांगा. आपल्या देशानेही २०१९ च्या नोव्हेंबरात बँकॉकला एका मोठ्या व्यापारगटाच्या दारातून माघार घेतली, आरसेप म्हणतात त्याला. दूधवाले, शेतकरी यांना स्वस्त मालाची भीती होती आणि ती मला रास्त वाटते. पण त्यासाठी कोणी मतपेटी ठेवली नव्हती.

शिरगावचा फिश ग्रॅज्युएट

बागायतदार काकांनी पॅकहाउसचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. त्यावरून आठवलं, ताई बैठकीत एक उदाहरण नक्की द्या. मासळीसाठी बाहेर पडलेला ब्रिटन पहिला नाही. ग्रीनलँड डेन्मार्कबरोबर युरोपच्या बाजारसंघात ओढलं गेलं होतं. तिथल्या लोकांना आपल्या पाण्यात जर्मन ट्रॉलर नको होते. १९८२ मध्ये त्यांनी मत घेतलं, थोडक्या फरकाने 'बाहेर' जिंकलं आणि १९८५ मध्ये ते बाहेर पडले. पन्नास-एक हजार वस्ती, जवळजवळ सगळी मासळीवर जगणारी. पण बाहेर पडताना त्यांनी एक गोष्ट आधीच ठरवून घेतली: युरोपच्या बोटींना मोजकी मासेमारी करू द्यायची, त्याचे पैसे घ्यायचे, आणि आपली मासळी युरोपात बिनशुल्क विकायची. पाण्याचा आणि बाजाराचा सौदा त्यांनी एकत्र केला. ब्रिटनला तोच सौदा अखेर करावा लागला, फक्त शेवटच्या आठवड्यात, घाईत, मच्छीमारांना खोलीबाहेर ठेवून.

तुमच्या तांडेलांच्या मागणीचं म्हणाल तर १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत आहे. त्यासाठी १९८१ चा राज्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दंड वाढवलेत. एलईडीला बंदी आहे. तुमच्या दर्यात रात्री कोण शिरतं ते बघायला कुठल्याच करारातून बाहेर पडावं लागत नाही. गस्तीची बोट लागते, तिला डिझेल लागतं, आणि पकडलेल्या बोटीवर खटला चालवणारा माणूस लागतो. मागणी ती करा, आणि तारखेसकट करा.

दांडीचो रापणकार

गस्तीचा आमीय वर्सांवर्सां सांगतव. लेखी देवा म्हणान सांगतत, लेखी देतव. ताईनु, तुमच्या सोसायटीन लेखी दिल्यान तर आमच्या सोसायटीची पण सही घेवा. एका तालुक्याचो कागद ऱ्हवता पडान.

हर्णैकरीण

भाऊ, सही नक्की घेते. नुसती मालवणचीच नाही, मध्ये जयगड आणि मिरकरवाड्याचे ओळखीचे लोक आहेत, त्यांनाही विचारते. अर्जाचा मसुदा उद्या इथेच टाकीन, शिरगावकर दादांनी कलमं बघून द्यावीत.

गुहागरच्या ताई, तुमचं 'तिघांची फुली एकाच गठ्ठ्यात' हे मी बैठकीत तुमचं म्हणून सांगणार आहे, चालेल ना? आणि तुमची वहिनी शेवटी आली का तिकडे?

अजून एक. पकड दाखल्यासाठी बोटीवर ठेवायच्या वहीचा मराठी नमुना कोणाकडे असेल तर द्या. आमच्याकडे आहे तो इंग्रजी, तांडेलांना वाचता येत नाही, मग मी किनाऱ्यावर विचारून भरते आणि तारखा इकडच्या तिकडे होतात. त्यांच्या हातात त्यांच्या भाषेत वही असली तर बोटीवरच लिहून होईल.

गुहागरची, सध्या स्लाव

खुशाल सांगा ताई. वहिनी आली. भावाने दुसरी रात्रपाळी धरली, १८,६०० पुरे केले, मग आली. आता तिचा धाकटा भाऊ विचारतोय की काळजीकामाच्या व्हिसावर येऊ का, आणि त्याला नाही म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलंय.